भिंतीची जाडी

ॲबरडीनच्या हाडतपासणी खात्यात
पडद्यावर कुंदाचा कणा उमटला.
खालून वर, एकेक मणका,
अंडं उजेडात धरून बघावं तसा आरपार.
यंत्रावरची मुलगी म्हणाली, उणे दोन पूर्णांक नऊ.
मी म्हटलं, बाहेर?
कुंदा हसली. डावा हात प्लास्टरात.
पडली त्या दिवशी युनियन स्ट्रीटवर बर्फही नव्हता,
नुसती ओली फरशी.

हाडाची काडं केली, असं लोक बायकांबद्दल म्हणतात.
मला ते मोजून दाखवलं. दशांशासह.

बत्तीस वर्षं मी समुद्रातल्या पाइपांचा माणूस.
थंड पाण्याखालून तेल येतं तेव्हा आतून मेण धरतं,
थरावर थर,
थंडीत बरणीत तूप गोठावं तसं.
ते खरवडणं माझं काम.
मग एका फेब्रुवारीत माझाच पाइप तुंबला.
दोन जाळ्या बसवून घरी आलो, छातीवर हात ठेवून,
जसं काही आत कुणी झोपलंय.

कुंदानं त्याच आठवड्यात घर खरवडलं.
तुपाची बरणी शेजारच्या मोरागला
(तिनं ते टाचांना चोळलं, आणि अजून नाव काढते),
साय, लोणी, ओलं खोबरं बंद,
अंड्याचा बलक रोज सकाळी सिंकमध्ये,
बंदरावरचा बांगडासुद्धा, तेलकट म्हणून.
दुधात दूध असं नावालाच उरलं.
तू तरी खा, मी म्हणायचो.
ती म्हणायची, एका घरात दोन चुली कशाला.
मीही फार आग्रह केला नाही.
हे इथे लिहून ठेवतो.

डॉक्टर इनीस सावकाश बोलतात.
म्हणाले, असा सरळ धागा नाही निघत.
काही अभ्यास एक सांगतात, काही उलट.
यांचं वय आहे, पाळी लवकर गेली, अंगावर मांस नाही,
आणि इथला सूर्य.
कातडीत कोलेस्टेरॉलचाच एक भाऊबंद असतो,
ऊन लागलं की त्याचं ड जीवनसत्त्व होतं,
त्याच्याशिवाय हाडात चुना नीट भरत नाही.
पण तो भाऊबंद शरीर स्वतःच घडवतं,
तुमच्या तुपाची वाट बघत बसत नाही.
बांगडा मात्र खायला हवा होता.

ऊन? कुंदा म्हणाली.
नोव्हेंबरात इथलं ऊन म्हणजे
दुसऱ्या गल्लीतलं लग्न.
वाजतं खरं, आमंत्रण नसतं.

परतताना बसमध्ये मला एक जुनी लाइन आठवली.
आम्ही ती इतकी लख्ख केली होती
की साहेबानं पाठ थोपटली.
वर्षभरानं जाडी मोजली, बारा मिलिमीटरची सात.
मेण होतं तोवर खारं पाणी पोलादाला शिवत नव्हतं.
तो अहवाल मीच लिहिला. सही माझी.
ही नुसती उपमा झाली, पुरावा नव्हे,
डॉक्टर म्हणतील. मान्य.
पण इतक्या भिंती मोजल्या मी, रात्रपाळीत, वादळात,
आणि जी माझ्या शेजारी झोपायची
तिची कधी मोजली नाही.

आज सकाळी सहा डिग्री, धुकं.
मी दोन अंडी उकडली, बांगडा भाजला,
घरभर वास, मोरागनं भिंत ठोकली.
कुंदा एका हातानं बसली सोलायला,
अंडं सारखं निसटत होतं,
मी धरलं, तिनं सोललं.
मग सवयीनं माझ्या अंड्यातला बलक काढला,
आणि चमचा तसाच हवेत.
सिंककडे पाहिलं.
माझ्याकडे पाहिलं.
आणि तो पिवळा, गरम, थोडा भुसभुशीत गोळा
स्वतःच्या ताटात ठेवला,
तिच्या बलकाशेजारी.

मीठ दे, म्हणाली.